निवाऱ्याचा पत्ता कोणी फोडला

१

विश्वास हा माणसाचा सर्वांत मौल्यवान ऐवज आहे आणि तो जिवापाड जपला पाहिजे. म्हणूनच स्त्री-हक्क निधीच्या कार्यालयात तो पोलादी कपाटात, एका जाड पाकिटात, लाखेच्या मोहोरेखाली ठेवलेला होता. कपाटाची किल्ली कपाटावरच असे, कारण इतरत्र ठेवली की ती सापडत नसे.

पाकिटात एका घराचा पत्ता होता. नवऱ्यांच्या, दिरांच्या, क्वचित सख्ख्या भावांच्या तावडीतून निसटलेल्या बायका त्या घरात राहत. निधीचं काम जगभरातल्या स्त्री-हक्क संघटनांना अनुदान देण्याचं. कुठे वकील बायकांचा गट, कुठे कामगार बायकांचा संघ, कुठे बायकांनीच चालवलेलं लहानसं रेडिओ केंद्र. भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि जिथे जिथे अनुदान पोचलं तिथे जांभळी टाचणी टोचलेली होती. या घराला तेवढी टाचणी नव्हती, कारण ते गुप्त होतं. तसं वार्षिक अहवालात ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

सोमवारी सकाळी त्या घराच्या दाराशी एक टायरवाला आपल्या भावांना घेऊन उभा राहिला आणि दारावर लाथा घालू लागला. आत त्याची बायको होती आणि तिची लहान मुलगी होती. दार टिकलं, शेजारी जमले, भाऊमंडळी शिव्या देत निघून गेली. जाताना "परत येतो" असं सांगून गेली. दुपारपर्यंत घर चालवणाऱ्या बाईने, जिला सगळे आक्का म्हणत, घर रिकामं केलं आणि बायकांना कुठेतरी हलवलं.

संध्याकाळी निधीच्या संचालक मॅडमनी निष्कर्ष काढला. चौकशी दुसऱ्या दिवसापासून सुरू होणार होती.

निष्कर्ष असा, की पत्ता आक्कानेच फोडला. करारात स्पष्ट होतं: ज्या संस्थेकडून पत्ता फुटेल तिचं अनुदान बंद, यायचा हप्ताही बंद. म्हणजे घर बंद. त्या बायकांना परत जायला एकेक घर होतंच; तिथूनच त्या पळून आल्या होत्या.

आता फक्त पुरावा हवा होता. तो आणायला मॅडमनी आपल्या नणंदेला फोन लावला.

"वन्सं, घरातलंच काम आहे म्हणून सांगते. बाहेरच्याला बोलावलं तर बभ्रा होतो."

"आणि बाहेरचा फी मागतो."

"तुम्हीही मागा ना, मी नाही म्हटलंय का? शुक्रवारी विश्वस्तांची बैठक आहे. एक पानी अहवाल द्या. शेवटी आक्काचं नाव आलं म्हणजे झालं."

"नाव ठरलंय तर माझी काय गरज, वहिनी?"

"सही तटस्थ माणसाची लागते."

ही नणंद विमा कंपनीतली निवृत्त सर्वेक्षक. जळालेली दुकानं, जळालेली गोदामं बघायची आणि आग लागली की लावली ते सांगायचं, यात तिची उमेदीची वर्षं गेली. कंपनीत तिला राखबाई म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, मग निरोप समारंभाच्या फलकावरही. वहिनीला एकदा तरी ठणकावून नाही म्हणावं ही राखबाईंची फार जुनी इच्छा होती. पण हो म्हटल्याने वहिनीला जास्त त्रास होईल असं त्यांना का कोण जाणे वाटलं.

त्या हो म्हणाल्या.

२

निधीचं कार्यालय नीटनेटकं होतं आणि आतली माणसं एकमेकांचं तोंड बघत नव्हती.

सगळ्याच वस्तूंवर निधीचं जांभळं बोधचिन्ह होतं. चहाच्या कपावर, कपाखालच्या बशीवर, पेनवर, हात पुसायच्या कागदावर. अभ्यागतांच्या बाकासमोर काचेचं कपाट होतं, त्यात निधीच्या भेटवस्तू मांडलेल्या: टोप्या, दिनदर्शिका, पाण्याच्या बाटल्या. मधला खण मात्र रिकामा होता. बाकीच्या खणांत धुळीचा थर होता. या खणात कडेला थोडी धूळ होती आणि मध्ये काच चकचकीत.

"इथे काय होतं?" राखबाईंनी विचारलं.

"कुठे?" प्रसिद्धी अधिकारी मुलगी म्हणाली. कार्यालयात तिला कॅप्शन म्हणत, कारण जेवणाच्या डब्याचाही फोटो काढून ती त्याखाली ओळ लिही. "सफाई चाललीये."

"एकाच खणाची?"

"टप्प्याटप्प्याने."

पाकीट कपाटातून काढण्यात आलं. मोहोर शाबूत होती, कागदाला उघडल्याची खूण नव्हती. कार्यक्रम अधिकाऱ्याने ते प्रकाशात धरून दाखवलं. हा गृहस्थ दर बैठकीत "माझा एक मुद्दा आहे" असं म्हणून उठे आणि बसवला जाई. त्याचं नाव अर्थातच मुद्दा पडलं होतं.

"पत्ता कोणाकोणाला ठाऊक?" राखबाईंनी विचारलं.

"मॅडम, मी, ही, आणि आक्का. मी कोणाला सांगितलेला नाही. हिच्याबद्दल मी काही बोलणार नाही."

"बोल ना," कॅप्शन म्हणाली. "घाबरतोस कशाला?"

"हिचा फोन चोवीस तास चालू असतो, एवढंच म्हणतो."

"आणि हा निवाऱ्याला भेट द्यायला गेला तेव्हा निधीची गाडी घेऊन गेला. दारावर हे एवढं बोधचिन्ह!"

"दोन चौक अलीकडे उभी केली होती!"

"आणि तिथून काय, रांगत गेलास?"

राखबाई ऐकत होत्या. जळालेल्या दुकानातले भागीदारही एकमेकांशी असेच बोलतात. चोर त्यांच्यात असतो किंवा नसतो. भांडण मात्र आगीच्या आधीपासूनचं असतं.

"या वर्षीचा अहवाल बघू," त्या म्हणाल्या.

कॅप्शनचा चेहरा आधी फुलला. "त्यात मी लिहिलेली एक गोष्ट आहे. निवाऱ्यातल्या एका भगिनीची. वाचून परदेशातल्या विश्वस्त बाई रडल्या." मग तिने मुद्द्याकडे पाहिलं आणि चेहरा मिटला. "म्हणजे... प्रती संपल्यात."

"सगळ्या?"

"छपाईत चूक होती. परत मागवल्या."

"कसली चूक?"

"रंगाची."

"कधी मागवल्या?"

उत्तर आलं ते दारातून. मॅडम उभ्या होत्या, हसत. वहिनी हसल्या म्हणजे काहीतरी लपवायचं आहे, हे राखबाईंना भावाच्या लग्नापासून ठाऊक होतं.

"वन्सं, अहवाल काय वाचत बसताय? आरोपी तिकडे आहे, घरी. तिकडे जा."

३

आक्का रिकाम्या घरात भांडी बांधत होती. तिने राखबाईंना बसायला सांगितलं नाही. बसायला काही उरलंही नव्हतं.

"तुम्ही मॅडमच्या नणंद."

"दुर्दैवाने."

"म्हणजे निकाल लागलाच. मग चौकशीचा खेळ कशाला? नाव लिहा नि मोकळ्या व्हा."

"बायका कुठे आहेत?"

"तुम्हाला सांगू?" आक्का कोरडं हसली. "आधीचा पत्ता चार जणांना माहीत होता तर हे झालं. हा एकीलाच माहीत आहे. जागेचं भाडं मात्र द्यायचंय आणि हप्ता तुमच्या वहिनीने दाबून ठेवलाय."

राखबाईंनी दार बघितलं. मागच्या गल्लीत उघडणारं जाड दार. लाथांनी खालची फळी पिचली होती, रंग उडाला होता. मग त्या उलट बाजूला गेल्या. पुढच्या दाराला आतून लोखंडी कपाट लावलेलं होतं. कपाट आणि चौकट यांच्यामध्ये कोळ्याने जाळं विणलं होतं आणि त्या जाळ्यालाही धूळ होती.

"हे दार?"

"मी आले तेव्हापासून बंद. बिजागरी गेलीये. रस्त्यावरून दिसतं म्हणून बरंच आहे."

"बाहेरून काही झालंय का त्याला? लाथ, ओरखडा?"

"बघा की जाऊन."

ते सोपं नव्हतं. मागच्या गल्लीतून पुढच्या गल्लीत जायला मध्ये वाटच नव्हती. भाजी बाजारातून वळसा घालावा लागे. राखबाई वळसा घालून आल्या. पुढच्या दाराचा रंग जुना होता आणि शाबूत होता. घराचा क्रमांक त्याच दारावर होता.

परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"पाकिटात पत्ता लिहिलाय तो कुठल्या गल्लीचा?"

"पुढच्या. क्रमांक तिकडेच आहे ना. मागच्या गल्लीला नावही नाही."

"सोमवारी ती माणसं आधी पुढे आली होती? शेजाऱ्यांना काही विचारलं?"

"कुणाला काही विचारलं नाही. सरळ इथे. मी दार लावून भाजी खाली ठेवतेय तोवर पहिली लाथ."

राखबाई जमिनीवरच बसल्या. आक्काने एक उलटी बादली त्यांच्याकडे सरकवली. ही तिच्याकडून झालेली पहिली सभ्यता.

"हे बघ. ज्याच्या हातात पत्ता असतो तो पत्त्यावर येतो. क्रमांक शोधतो, पुढचं दार ठोठावतो, ते उघडत नाही म्हणून शेजारी विचारतो. हा माणूस मागच्या दाराशी आला, जिथे क्रमांक नाही, गल्लीला नाव नाही. याचा अर्थ त्याला कोणी पत्ता दिलाच नाही."

"मग काय वास काढत आला?"

"कोणाच्या तरी मागोमाग आला. त्याची बायको बाहेर जायची?"

"नवीन आलेली बाई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. नियमच आहे."

"त्याने तुला कधी पाहिलेलं?"

"त्या दिवशी पहिल्यांदा."

मग तो चालला कोणाच्या मागे? राखबाई विचार करत राहिल्या. आक्का पातेली बादलीत, वाट्या चादरीत, चमचे जुन्या मोज्यात भरत होती.

"एवढ्या घरात पिशवी नाही एक?"

"होत्या की. ढीगभर होत्या. मुद्दासाहेब घेऊन गेले."

"कधी?"

"सोमवारी दुपारी. बायका रडत गाडीत बसत होत्या, पोरं भेदरलेली. साहेब आले आणि कोण कुठे जखमी ते न विचारता आधी पिशव्या गोळा केल्या. एकीची तर कपडे भरलेली पिशवी होती, ती रिकामी करून घेतली. कपडे हातात दिले तिच्या."

राखबाईंनी चष्मा काढून पुसला. कामावर असताना त्या हे फार क्वचित करत. केल्यावर बहुधा कोणाचा तरी दावा फेटाळला जाई.

४

टायरवाल्याच्या दुकानात बसायला टायरच होते. राखबाई एकावर बसल्या.

"विम्याकडून आलेय," त्या म्हणाल्या. वाक्यात निवृत्तीचा उल्लेख तेवढा राहून गेला.

"विमा नको."

"तुम्ही एका दाराचं नुकसान केलंत. त्याची पाहणी."

"दार?" तो उसळला. "आणि माझ्या अब्रूचं नुकसान झालं त्याची पाहणी कोण करणार? तुमचा बाप?"

"अब्रूला काय झालं?"

त्याने टायरांमागून एक जाड, गुळगुळीत पुस्तिका काढून आपटली. निधीचा वार्षिक अहवाल. परत मागवलेल्या प्रतींमधली ही परत न गेलेली.

"व्यापारी संघाच्या बैठकीत खुर्च्याखुर्च्यांवर ठेवलं होतं हे! जनजागृती म्हणे. सगळा बाजार वाचतोय आणि माझ्याकडे बघून हसतोय."

राखबाईंनी पान उघडलं. कॅप्शनने खरंच मनापासून लिहिलं होतं. गोष्टीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत सूचना होती, की सुरक्षेच्या कारणास्तव भगिनीचं नाव बदललं आहे. ते खरं होतं. नाव बदललं होतं. नवऱ्याचं टायरचं दुकान, दुकानावरच्या खोल्या, बाहेरख्याली धाकटा दीर, इस्त्रीने दिलेला चटका, मुलीच्या गालावरची खळी, यातलं काहीही बदललं नव्हतं.

समोरच्या पानावर मोठा फोटो. निवाऱ्यातल्या भगिनी पाठमोऱ्या उभ्या. चेहरे दिसू नयेत याची पूर्ण काळजी घेतलेली. प्रत्येकीच्या खांद्यावर निधीची जांभळी पिशवी. पिशवीवर पांढऱ्या अक्षरांत, चार हातांवरून वाचता येईल असं: "मी कोणाला भीत नाही."

खाली ओळ होती: "ही खास पिशवी केवळ आमच्या निवाऱ्यातील भगिनींसाठी."

काचेच्या कपाटातल्या मधल्या खणात काय होतं ते राखबाईंना आता विचारायची गरज नव्हती.

"मग तुम्ही बाजारात उभे राहिलात," त्या म्हणाल्या.

"शहरात बाजार किती आहेत? मोजकेच. आम्ही भाऊ वाटून घेतले." त्याच्या आवाजात काम नीट केल्याचं समाधान होतं.

"बायकोची वाट बघत?"

"बायकोची कशाला बघू? ती भित्री आहे, बाहेर पडणार नाही." तो दात काढून हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण बोललो, आणि हसू विझलं. "चल, ऊठ. धंद्याची वेळ आहे. आणि सांग तिला, पाताळात लपली तरी काढीन."

राखबाई उठल्या. अहवाल त्यांच्या हातातच राहिला. त्याने ओढून घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "नुकसानीचा पुरावा आहे. तुमच्याच अब्रूच्या."

तो टायरांना वळसा घालून येईपर्यंत त्या रस्त्यावर होत्या.

५

"या पिशव्या वापरल्याच पाहिजेत असं होतं का?" राखबाईंनी विचारलं.

आक्का नि त्या रिकाम्या घराच्या पायरीवर बसल्या होत्या. आक्काने उत्तर न देता फोन लावला आणि राखबाईंच्या कानाला धरला.

"हिलाच विचारा. नाव विचारू नका, कुठे आहे विचारू नका."

पलीकडचा आवाज बारीक होता, पण डगमगत नव्हता. मागे शिवणयंत्र थांबल्यासारखं वाटलं.

"आम्ही नको म्हटलं होतं, बाई. एवढी भडक पिशवी घेऊन कोण बाजारात जातं? पण पिशवी वापरतानाचा फोटो दर महिन्याला पाठवायचा, नाहीतर पुढचा हप्ता अडकतो. आक्का बिचारी एकटीच सगळ्यांच्या पिशव्या बदलून बदलून बाजारात जायची आणि फोटो काढून घ्यायची."

"आणि तुमची गोष्ट? ती छापायला तुम्ही हो म्हणालात?"

"त्या मुलीने विचारलं, मी सांगितली. खूप वेळ ऐकत होती, रडलीसुद्धा. म्हणाली नाव बदलू. मी म्हटलं, नावाने मला तसंही कोणी हाक मारत नव्हतं, बाकीचं बदला. तर म्हणाली, बाकीचं बदललं की गोष्टीतला जीव जातो."

शिवणयंत्र दोन टाके चाललं आणि पुन्हा थांबलं.

"बाई, घर राहील ना?" आवाज म्हणाला. "परत जायला लागलं तर तो मला जिवंत ठेवणार नाही. पोरीला ठेवील, पण ते त्याहून वाईट."

राखबाईंनी फोन परत दिला. कामाच्या बाबतीत खोटा दिलासा देण्याची त्यांना सवय नव्हती.

आक्काने फोन कमरेला खोचला.

"सोमवारी बाजारात मीच गेले होते. पिशवी माझ्याच खांद्यावर होती."

"हो."

"म्हणजे तो माझ्या मागोमाग आला. मीच त्याला वाट दाखवत घरापर्यंत आणला."

"हो," राखबाई म्हणाल्या.

"म्हणजे तुमची वहिनी खोटं बोलत नाहीये. पत्ता माझ्याकडूनच फुटला." तिने हात मांडीवर आपटले. "लिहा. लिहा माझंच नाव. करारात तसंच आहे."

करारात तसंच होतं. राखबाईंनी तो वाचला होता. त्यात कशामुळे फुटला याला जागा नव्हती. कोणाकडून फुटला एवढंच होतं.

६

शुक्रवारच्या बैठकीला टेबलाच्या एका टोकाला मॅडम होत्या, दुसऱ्या टोकाला राखबाई, मध्ये मुद्दा आणि कॅप्शन एकमेकांकडे पाठ जमेल तेवढी वळवून. आक्काला भिंतीलगत खुर्ची दिली होती. भिंतीवरच्या पडद्यात परदेशातल्या विश्वस्त बाई होत्या. मधूनच त्यांचा चेहरा गोठे.

राखबाईंनी सगळं क्रमाने सांगितलं. पुढचं दार, मागचं दार, अहवालातली गोष्ट, बाजार, पिशवी. शेवटी मॅडमनी हात जोडले.

"वन्सं, तुमचे आभार कसे मानू! म्हणजे आक्काच. ती पिशवी घेऊन फिरली, माणूस घरापर्यंत आणला. बेपर्वाई. करारानुसार..."

"थांबा वहिनी. अजून आग कोणी लावली ते सांगितलेलं नाही."

"आग?"

"पूर्वी एक गोदाम जळालं होतं. भाडेकरूने आत रॉकेलचे पिंप ठेवले होते. मालक म्हणाला, भाडेकरूची चूक. नंतर कळलं, पिंप ठेवल्याशिवाय भाडेपावतीच देणार नाही अशी मालकाचीच अट. रॉकेल त्याच्याच दुकानातलं. मी दावा कोणाचा फेटाळला असेल?"

"निधीने सद्भावनेने दिलेली भेट आहे ती!" मॅडम कडाडल्या. "पिशवीने असं काही होईल हे कोणाला ठाऊक होतं?"

"हाच प्रश्न मला पडला," राखबाई म्हणाल्या. "जळालेल्या दुकानात काय जळलं ते सगळेच बघतात. मी बघते, आगीच्या आधी किंवा पंचनाम्याच्या आधी काय हलवलं. ज्याला काही ठाऊक नसतं तो काही हलवत नाही. सोमवारी दुपारी बायका अजून गाडीत बसत होत्या. मी चित्रात नव्हते. टायरवाला कसा आला ते आक्कालाही ठाऊक नव्हतं. तेव्हा तुमचा माणूस तिथे जाऊन पिशव्या गोळा करत होता. मंगळवारी मी आले तोवर बाहेरच्या कपाटातला मधला खण रिकामा होता आणि अहवाल परत मागवलेले होते. जर पत्ता पाकिटातून किंवा आक्काच्या तोंडून फुटला असं तुम्हाला खरंच वाटत होतं, तर पिशव्यांनी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

मॅडमनी कॅप्शनकडे पाहिलं. कॅप्शनने टेबलाकडे पाहिलं.

"माझा एक मुद्दा आहे," मुद्दा म्हणाला.

"बस खाली," मॅडम म्हणाल्या.

तो उभाच राहिला. बहुधा नोकरीत पहिल्यांदाच. "पिशव्या छापायच्या आधीच मी बैठकीत म्हटलं होतं, की निवारा गुप्त आहे आणि पिशवीवरून तर निवारा ओळखू येतो. मॅडम म्हणाल्या, दिसत नसेल तर दात्यांना दाखवायचं काय. सोमवारी आक्काचा फोन आला तेव्हा मॅडमना मीच आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, आधी पिशव्या आण."

"आणि तू आणल्यास," भिंतीकडून आक्का म्हणाली. "कपडे रस्त्यावर ओतून."

मुद्दा बसला. त्याचा मुद्दा संपला होता.

"तू तरी तोंड उघड," मॅडम कॅप्शनला म्हणाल्या. "गोष्ट कोणी लिहिली? तपशील कोणी ठेवले?"

"तुम्हीच म्हणालात ना, खरी वाटली पाहिजे!"

"खरी वाटली पाहिजे म्हटलं होतं. खरी छाप असं नाही!"

यानंतर काही वेळ तिघे एकदम बोलत होते. स्त्रीवादाचं, जगाचं आणि एकमेकांच्या पगाराचं नाव निघालं. राखबाईंनी दोन कागद टेबलावर सरकवले.

"वहिनी, अहवाल एक पानीच आहे. दोन प्रती आहेत. एकीत मी सांगितलं ते सगळं आहे आणि खाली नाव तुमचं आहे. ती मी प्रत्येक देशातल्या दात्यांना पाठवीन; पत्ते तुमच्या संकेतस्थळावर आहेत, तुम्हाला दिसलेलं आवडतं म्हणून. दुसरीत लिहिलंय, की पत्ता फुटण्यात आक्काचा दोष नाही आणि अडवलेला हप्ता आजच्या आज द्यावा. तटस्थ सही कुठल्या कागदावर हवी ते सांगा."

"तुम्ही घरच्या माणसाला धमकी देताय?"

"घरच्यालाच देते. बाहेरच्याला दिली तर बभ्रा होतो."

मॅडमनी दुसरी प्रत ओढली आणि मंजुरीची सही इतक्या जोरात केली की पेनवरचं बोधचिन्ह त्यांच्या बोटावर उमटलं. तिथल्या तिथे हप्ता सोडण्याचा हुकूम मुद्द्याला गेला. आक्काने कागद दोनदा वाचला, घडी केली आणि उभी राहिली. तिने कोणाचे आभार मानले नाहीत. नव्या जागेच्या मालकाला दुपारच्या आत भाडं हवं होतं.

"आणि पुढच्या वर्षीचं अनुदान?" राखबाईंनी विचारलं. "तेही चालू राहील असं लिहून द्या."

"ते मिळणार नाही," मॅडम दात आवळून म्हणाल्या. "मी असेपर्यंत नाही."

"मिळायलाच हवं," मुद्दा म्हणाला.

"नियमाने मिळतंच," कॅप्शन म्हणाली.

तिघे पुन्हा सुरू झाले. इतक्यात पडद्यातला चेहरा हलला. विश्वस्त बाईंनी घसा साफ केला. त्यांचा आवाज एवढा वेळ बंद होता आणि तो आता कुठे त्यांना सापडला होता.

"मला वाटलं तुम्हा सगळ्यांना कल्पना आहे," त्या सौम्यपणे म्हणाल्या. "स्त्रियांचा विषय मागच्याच बैठकीत बंद केला आम्ही विश्वस्तांनी. जानेवारीपासून आपण नद्यांना निधी देणार."